चित्रकथेतला पैलवान

"ढाल आनल्याबिगर गावात पाय ठेवत न्हाई, असं तूच म्हनला हुतास ना, गहिन्या?"

नगर-नेवासा एस.टी.त माझ्या मागे शाळकरी पैलवान आणि त्याचा दोस्त बसले होते.

"म्हनून काय, दान्या, कुस्तीआदीच चित्रकथा काढून शाळेच्या फळ्यावर लावायची?"

"शेवटच्या चित्रात ढाल तुज्याच हातात हाय. त्ये बघून गावानं हलगी ठरवली."

"आरं, मला वजनकाट्यावरनंच हाकलला! वजन जास्त भरलं."

"सकाळी डझनभर केळी कुनी खाल्ली?"

"आमच्या आप्पांनीच चारली, ताकद येईल म्हनून. आता त्यांना काय त्वांड दाखवू? मी उतरतच न्हाई."

"त्ये बघ, हार घिऊन गाडीच्या दारातच हायेत."

आप्पांनी लेकाला खांद्यावर उचललं आणि ते स्वतःच नेवासा स्टँडवर चीतपट पडले.