पडद्याकडे पाठ करून बसणाऱ्या सोजराबाई

सन्माननीय अध्यक्ष आणि या टुरिंग टॉकीजचे मालक रंगरावदादा, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे चित्रपट वितरक गुलाबरावजी, 'उणी भाकर' या चित्रपटाचे कथालेखक इंद्रभान गुरुजी, आजच्या सत्कारमूर्ती सोजराबाई, आणि बायका-पुरुषांमधल्या तट्ट्याच्या अलीकडे व पलीकडे दाटीवाटीने बसलेल्या मोताळा पंचक्रोशीतील बंधूंनो आणि मायबहिणींनो,

सोजराबाई खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या आहेत. कोणी विनातिकीट आत शिरलं तर चटकन उठता यावं म्हणून. सोजराबाई, आज तिकीट नाही. नीट टेकून बसा.

तेरा वर्षं या तंबूच्या बायकांच्या दारावर त्या उभ्या राहिल्या. आता पावसाळ्यासाठी तंबू उतरेल, आणि त्या रोहिणखेडला लेकीकडे कायमच्या राहायला जातील. म्हणून हा निरोप. पण माझ्यासारख्या कालच्या मुलीनं इथे बोलायला का उभं राहावं? मी उंद्रीच्या निवृत्ती माळ्यांची मुलगी. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी मी कॉलेजात गेले. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. गुलाबरावजींनी मला मलकापूरच्या कचेरीत कामाला ठेवलं. काम काय, तर कोणत्या चित्रपटात पैसा घालायचा हे ठरावं म्हणून आलेल्या पटकथा वाचायच्या आणि अहवाल लिहायचा. अहवालाचे दोन भाग. पहिला, पटकथेत दम किती आहे. दुसरा, ती आपल्या वऱ्हाडात चालेल का.

गेल्या वर्षी माझ्या टेबलावर इंद्रभान गुरुजींची पटकथा आली. रहस्यपट होता, पण त्यात पिस्तूल नव्हतं आणि भूतही नव्हतं. रहस्य होतं मनातलं. यमुना नावाची नवी सून रोज आठ भाकरी करून दुरडीत ठेवते आणि वाढायला घेते तेव्हा सातच निघतात. सासू म्हणते, तू मोजायला चुकलीस. नवरा म्हणतो, तुला भ्रम होतो. हळूहळू यमुनेलाही वाटू लागतं, आपलं डोकं फिरलंय. खरी गोष्ट अशी, की जो थोरला दीर मेला म्हणून घरानं त्याचं दिवसकार्य उरकलं, तो खून करून कडब्याच्या गंजीत लपलेला असतो आणि सासू त्याला भाकर पोचवत असते. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे ते म्हणतील, हे तर आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे, पण तुम्ही पाहिला तो चित्रपट वेगळा. त्या पटकथेत यमुना मध्यंतरापर्यंत खरोखरच वेडी होत होती. उरलेल्या अर्ध्या भागात दवाखाना होता, आणि त्यात एक डॉक्टर अकरा पानं मन म्हणजे काय ते समजावून सांगत होता.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. आता काय सांगू तुम्हाला! ती अकरा पानं मला सगळ्यांत जास्त आवडली. मी नऊ पानी अहवाल लिहिला आणि डॉक्टरच्या भाषणाखाली दोनदा रेघ ओढली.

गुलाबरावजींनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "पहिला भाग झाला. दुसरा कुठे आहे? बाया येतील का? रंगरावच्या तंबूत जा, सोजराबाईला विचार. मला पंधरा दिवसांत हो किंवा नाही सांग. नाही असेल तर गुरुजींची वही परत पाठव."

गुरुजींनी सात वर्षं रात्रंदिवस ती वही जपली होती. याआधी ती तीन ठिकाणांहून परत आली होती. चौथ्यांदा ती परत पाठवायची की नाही, हे माझ्या अहवालावर होतं.

बाजाराच्या दिवशी मी इथे आले. सोजराबाई दाराशी, याच स्टुलावर. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "बाई, कोणता चित्रपट चालेल हे तुम्ही कसं ओळखता?"

त्या म्हणाल्या, "मले काय विचारता, बीएबाई? माही तं पाठ राह्यते पडद्याकडं."

"म्हणजे तुम्ही चित्रपट पाहतच नाही?"

"मी बायाइकडं पाह्यतो. पदरानं वारा घेनं थांबलं, म्हनजे पिच्चर धरला. लेकरू रडलं अन् मायनं त्याच्याकडं न पाह्यताच त्याले पाजाले घेतलं, म्हनजे आठवडा चालते. अन् शेवट यायच्या आधी बाया अंधारात चपला चाचपू लागल्या, की मी रंगरावले सांगतो, पेटी बांध, उद्या दुसरा आन."

मंडळी, चार वर्षं कॉलेजात बसून मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

रंगरावदादा घड्याळ पाहताहेत. दादा, तीनचा खेळ आहे हे माझ्या ध्यानात आहे. त्या खेळाकडेच मी येते आहे.

खेळाआधी तासभर बायका इथे येऊन बसतात हे आपण जाणता. बाजार उरकलेला, पिशव्या पायाशी, गप्पा जोरात. सोजराबाई म्हणाल्या, "वाच तुही वही. मी या बायाइले गप बसवतो." त्यांनी दार लावून घेतलं आणि मी वाचू लागले. मी येणार हे कळून तट्ट्यापलीकडे पुरुषांच्या बाजूला इंद्रभान गुरुजी एकटेच येऊन बसले होते. समोर यायचा त्यांना धीर नव्हता.

यमुना दुरडीत हात घालते, इथपर्यंत सगळं छान चाललं. वारा घेणं थांबलं होतं. मग मी वाचलं, "आठ केल्या होत्या की सात? यमुनेला आठवेना." आणि पुढे बसलेल्या झुंबरबाई म्हणाल्या, "थांब वं बाई. इले काऊन आठवत नाही?"

मी म्हटलं, "तिच्या मनावर ताण आहे. मानसशास्त्रात याला..."

"मनावर असन. हातावर नाही ना? मापटंभर पीठ घेतलं का आठ होतात. काठवटीत उंडा उरला नाही, तं आठ झाल्या. त्याले आठवा काय लागते?"

मंजुळाबाई मागून ओरडल्या, "नवऱ्याचं नाव इसरन एखांदी, थापलेली भाकर नाही इसरनार! हे मानसानं लिवलं हाये. खाल्लेली मोजते तो, केलेली नाही!"

असा हशा उसळला की तंबूचे खांब हलावेत. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर एका बाईचा हात चपलेकडे गेला. मग दुसरीचा. मी सोजराबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. वही परत जाणार, हे मला त्या क्षणी कळलं. तट्ट्यापलीकडे गुरुजींना काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

पण तट्ट्यापलीकडून आवाज आला. अगदी बारीक. "मग यमुना काय करेल?"

बायकांच्या बाजूला पुरुषानं बोलायचं नाही, हा इथला नियम. सोजराबाई रागावतील असं मला वाटलं. त्या स्टुलावरून उठल्या, तट्ट्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, यमुना काहीच करनार नाही. तिले पक्कं ठाऊक हाये, भाकर कोनी तरी नेते. घर म्हनते येडी, तं ते म्हनन, हो, मी येडी. मोकळे केस सोडन, चुलीसंगं बोलन. येड्या बाईसमोर कोनी काही लपवत नाही, गुरुजी. अन् मंग ते पाह्यन."

झुंबरबाईंनी चप्पल पायातून पुन्हा काढली आणि विचारलं, "मंग? मंग सासूले कवा कळते?"

मला सांगा, यापेक्षा मोठा अहवाल कोणता? घाबरलेली बाई सगळ्यांनी पाहिली होती. घाबरल्याचं सोंग घेऊन अख्ख्या घराला घाबरवणारी बाई कोणी पाहिली होती? गुरुजींनी दहा दिवसांत अर्धी पटकथा नव्यानं लिहिली. डॉक्टर अकरा पानांसकट गेला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, हे कबूल करते.

मी नवा अहवाल दीड पानाचा लिहिला. दुसऱ्या भागात एकच वाक्य होतं. 'शेवटापर्यंत बायका चपला शोधणार नाहीत.' गुलाबरावजी म्हणाले, "हा अहवाल आहे का गंमत?" मी म्हटलं, "साहेब, अहवाल आहे." ते म्हणाले, "मग सही कर. पण चित्रपट पडला, तर तुझी खुर्ची या कचेरीत राहणार नाही." मी सही केली. आणि हट्टानं तो अहवाल घेऊन पुन्हा मोताळ्याला आले, कारण सही एकटीची असून चालणार नव्हती. माझ्या सहीखाली सोजराबाईंचा अंगठा आहे. तो कागद आज मी सोबत आणला आहे. हा पाहा. मागच्यांना दिसत नसेल तर पुढे येऊन पाहा.

पुढचं तुम्हा सर्वांना माहीत आहे. जिथे चांगल्यातला चांगला चित्रपट आठवडाभर टिकतो, त्या या तंबूत 'उणी भाकर' पाच आठवडे चालला. रोहिणखेडच्या बैलगाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. पहिल्या खेळाला मी दाराशी होते. यमुना केस मोकळे सोडते तिथे मी कुजबुजले, "बाई, कसं काय?" सोजराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोलू नको. चौथ्या रांगेत लेकरू पाजाले घेतलं, अन् मायले पत्ताच नाही."

माझे वडील त्या दिवशी पुरुषांच्या बाजूला होते. घरी जाताना एवढंच म्हणाले, "तुह्या सहीखाली अंगठा हाये म्हनून माह्या जिवाले बरं वाटलं."

भिंतीवरच्या जाहिरातीत अंगठा छापत नाहीत. म्हणून सर्वांसमक्ष सांगते. यमुनेला वेडाच्या दारातून मागे आणलं ते बी.ए.च्या पुस्तकांनी नाही. या बाईनं आणलं. गुरुजी मान डोलावताहेत, तेव्हा यात अतिशयोक्ती नाही.

आता शेवटची गोष्ट. काल साडीचोळी देण्याचं ठरत असताना मी सोजराबाईंना सहज विचारलं, "यमुना दिसायला कशी वाटली तुम्हाला?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मी कुठं पाह्यली?" पाच आठवडे! चित्रपट पाठीमागे चालू होता, आणि त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती.

रंगरावदादांनी आजच्या तीनच्या खेळाला पुन्हा 'उणी भाकर' लावला आहे, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. गुलाबरावजींनी चित्रपटाची पेटी पाठवली, गुरुजी शाळा सोडून आले, तुम्ही सर्वांनी माझ्यासारख्या नवख्या मुलीचं बोलणं एवढ्या शांतपणे ऐकलंत, आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, वडीलधाऱ्यांपुढे जीभ सैल सुटली असेल, तर लेक समजून पोटात घाला.

सोजराबाई, उठा आता. तुमची खुर्ची आम्ही पहिल्या रांगेत ठेवली आहे, तोंड पडद्याकडे करून. दाराची चिंता करू नका. आज दारावर मी आहे, आणि मी तुमच्याकडे पाहणार आहे.