हंगेरीतला राम राम

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हंगेरीतला एक माणूस मला दगडू म्हणतो.

दोन हजार चार-पाच साल असेल. पाथर्डी फाट्याला खोली घेऊन एकटाच राहायचो. माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक व्हिडिओ हिरवागार दिसायचा. ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा, कोड सगळ्यांना खुला होता, म्हणून चूक मीच शोधली आणि दुरुस्ती पाठवून दिली. खाली नाव लिहिलं शाळेच्या सवयीनं, वडिलांच्या नावासकट: देवरे संजय दगडू.

कोड तपासणारा हंगेरीतला. त्याचं उत्तर आलं, "थँक यू, दगडू!"

त्यांच्याकडेही आडनाव आधी लिहितात हो, पण शेवटी स्वतःचंच नाव! म्हणून दगडू मीच, असं त्याला वाटलं. सांगणार होतो त्याला. पण पुढे मेल सुरू राहिल्या, आणि कित्येक दिवस माझ्याशी बोलणारा तो एकटाच असायचा. म्हटलं, जाऊ दे, म्हणू दे दगडू.

एकदा वडील सटाण्याहून आले, तेव्हा त्यांना त्याची ती पहिली मेल वाचून दाखवली. त्यांना अख्खं गाव आप्पा म्हणायचं, दगडू कोणीच नाही. हंगेरीतला माणूस आपलं नाव घेतो म्हणून ते चमकलेच.

"हाऊ माले कसा वळखस?"

मग हसून म्हणाले, "त्याले मना राम राम सांग."

तुमचा राम राम सांगतो म्हणालो, आणि राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी आप्पा गेले. महिनाभर मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. लावला, तर त्याची मेल येऊन पडलेली: "दगडू, बरेच दिवस दिसला नाहीस. आहेस ना?"

मग लिहिलं, "आहे. राम राम."