कठड्यावर बसायची सवय

वत्सलाबाई : अहो, पण मान मोडली म्हणजे किती मोडली? नीट सांगा ना सर. महेशची आई नुसती रडती, तिला विचारवत नाय.

हिरामण सर : मोडली नाही वहिनी, मणका सरकलाय. चंदीगडला दवाखान्यात आहे. पाय हलतात. उजव्या हाताची बोटं अजून हलत नाहीत.

वत्सलाबाई : अगं बाई! अन् त्याच्याच जागेवर तुमी माझा पोरगा घालणार?

हिरामण सर : अजून घातलेला नाही. भारताच्या आइस हॉकी टीमचे फॉरवर्ड निवडायचं काम माझ्यावर टाकलंय. महेश जायबंदी झाला, एक जागा रिकामी झाली. आपल्या ज्ञानेशचं नाव द्यायचं की लेहच्या त्या मुलाचं, एवढंच उरलंय. दिल्लीवाले फोनची वाट बघतायत.

वत्सलाबाई : मग घ्या की लेहच्या पोराला! तो बर्फातच जन्मला. आमच्या ज्ञान्यानं बर्फ पाहिला तो रसवंतीच्या पेल्यातला.

ज्ञानेश : आई, गप ना गं! लेहच्या कॅम्पला जाऊन आलोय मी. सगळ्यात जास्त गोल माझे आहेत. सर, हिचं ऐकू नका. हेल्मेट घालू का?

हिरामण सर : घाल. पट्टा घट्ट कर, तो काय शोभेचा नाही. वहिनी, तुम्ही आल्याच आहात तर बसा तिथं पायरीवर.

वत्सलाबाई : बसायला नाय आले मी. फुलांची पाटी तशीच कलाबाईच्या गळ्यात टाकून पळत आले. मखमलाबादला चौकात ह्याचा एवढा मोठा फोटो लावलाय पोरांनी. आता ह्यानं नाय म्हणायचं तर कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हणून म्हणलं, सरांनाच सांगावं. तुमीच नाय म्हणा.

ज्ञानेश : कोण म्हणतंय मला नाही म्हणायचंय? मी जाणार!

हिरामण सर : आवाज खाली. आईशी बोलतोयस. आता दोघंही ऐका. वहिनी, हा आपला रिंक. सिमेंटचा. कडेनं गुडघ्याएवढा कठडा. चाकांच्या स्केटवर वेग जास्त झाला की इथली पोरं काय करतात?

वत्सलाबाई : काय करतात? गरकन कठड्याकडं फिरतात, मागच्याकडं पाठ करतात अन् पलीकडं पाय टाकून बसतात. हा एवढासा व्हता तवापासून बघते. एकदा आवेगात पलीकडं गटारीत जाऊन पडला व्हता, तवा लय हसले मी.

हिरामण सर : तेच. नाशिकच्या सगळ्या पोरांना ती सवय आहे. इथं चालते. बर्फावर कठडा नसतो, छातीएवढी फळ्यांची भिंत असते. पाय टाकून बसायला जागाच नाही. आणि फॉरवर्डला तर त्या फळ्यांपाशी जाऊनच पक, म्हणजे ती रबरी चकती, काढावा लागतो. मागून समोरच्या टीमचा गडी येतो तो फुल वेगात. त्याच्याकडं पाठ केली की संपलं. लेहच्या कॅम्पात महेशनं तेवढंच केलं. बसायला गेला.

ज्ञानेश : मी जवळच होतो सर. आवाज...

वत्सलाबाई : कसला आवाज?

ज्ञानेश : काही नाही.

वत्सलाबाई : ज्ञान्या, कसला आवाज?

ज्ञानेश : नको ना आई. सर, सुरू करा.

हिरामण सर : ती कपडे बदलायच्या खोलीची भिंत. तालमीतल्या गाद्या मागून आणल्यात, बांधल्यात. मी पक तिकडं टाकणार, तू काढायला जायचं, मी मागून येणार. खांदा गादीला, नजर माझ्यावर. पाठ दाखवायची नाही. एवढं जमलं तर तुझं नाव देतो.

वत्सलाबाई : सर, तुमी अंगानं म्हशीवानी! चेंगराल पोराला.

हिरामण सर : म्हशीवानी आहे म्हणूनच मी येतोय वहिनी. तिकडचे काय काडीपैलवान नसतात. जा ज्ञानेश! पळ! आलो मी, आलो...

वत्सलाबाई : आई गं!

हिरामण सर : पाठ! पाठ केलीस ना लेका!

ज्ञानेश : चुकून झालं. परत.

हिरामण सर : लागलं का?

ज्ञानेश : नाही लागलं. परत टाका.

वत्सलाबाई : ओठातून रगत येतंय अन् म्हणतो नाय लागलं! बास करा, हात जोडते.

ज्ञानेश : आई, मधे येऊ नकोस! टाका सर.

हिरामण सर : नजर माझ्यावर. कळलं? पळ! आलो... परत! परत पाठ! अरे, गादी आहे म्हणून उभा आहेस तू!

ज्ञानेश : मला कळतच नाही सर, कधी वळतो ते. मी वळत नाही, पायच वळतात.

हिरामण सर : शेवटचं. हे झालं की फोन. पळ! ...आलो! ...शाब्बास! शाब्बास रे वाघा! बघितलंत वहिनी? खांदा गादीला, तोंड माझ्याकडं. हे पाहिजे होतं मला. कुठाय माझा मोबाइल?

ज्ञानेश : सर, थांबा.

हिरामण सर : आता काय थांबा?

ज्ञानेश : या वेळी मला भीती वाटलीच नाही.

हिरामण सर : मग? तेच तर पाहिजे.

ज्ञानेश : तसं नाही. तुम्ही येताना तुमचं तोंड दिसलं. पांढरंफटक पडलं होतं. मला कळलं, तुम्ही धडकणार नाही. म्हणून नाही वळलो.

हिरामण सर : काहीतरीच काय? मी जोरात आलो.

वत्सलाबाई : नाय सर. आलात जोरात, पण हातभर आधीच थांबलात. मी बघितलं.

हिरामण सर : थांबलो?

वत्सलाबाई : थांबलात. बरं केलंत.

हिरामण सर : बरं कसलं वहिनी... महेश पडल्यापासून असंच होतंय. निघतो जोरात अन् ऐनवेळी अंगच आखडतं. त्याला या हातांनी उचललाय मी.

ज्ञानेश : तिकडचा माणूस थांबेल का सर?

हिरामण सर : नाही.

ज्ञानेश : मग मी वळणार. नक्की वळणार. खोटं कशाला बोलू?

हिरामण सर : तुझ्याएवढा वेग टीममधे कुणाला नाही रे. माझ्या जिवावर येतंय. शिव्या दिल्यास तरी चालेल मला.

ज्ञानेश : लावा फोन.

हिरामण सर : ...हॅलो? हां, यादवसाहेब, हिरामण बोलतोय नाशिकहून. फॉरवर्डचं नक्की झालं. लेहचा मुलगा घ्या. ...नाही, आमचा ज्ञानेश नाही. ...हो, गोल त्याचेच जास्त आहेत, माहितीये मला. तरी नाही. ...हां. ठेवतो.

वत्सलाबाई : नाय घेतला?

हिरामण सर : नाही वहिनी.

वत्सलाबाई : बरं झालं बाई. देव पावला. सप्तशृंगीला खण-नारळ वाहीन मी... सर, तो लेहचा, ह्याच्यापेक्षा भारी खेळतो का?

हिरामण सर : नाही.

वत्सलाबाई : नाय ना? मला वाटलंच. अरे, तू रडू नको रे ज्ञान्या. मीच म्हणत व्हते, नको जाऊ, नको जाऊ. अन् आता मलाच मेलं वाईट वाटतंय. तो फोटो काढायला सांगू आपण पोरांना. मी सांगते, तू नको जाऊस तिकडं.

ज्ञानेश : फोटोचं नाही गं. महेश पडल्यापासून मला लय भीती वाटती, आई. जेवताना वाटती, बसमधे वाटती. कुणी मागून चालत आलं तरी वाटती.

वत्सलाबाई : अरे, मग लेहहून आल्यापासून मी जाणार, मी जाणार करत का नाचत व्हतास? मला एकदा तरी बोलायचं!

ज्ञानेश : तूच एवढी भ्यालेली होतीस. मी कुणाला सांगणार?