टेकू

रोह्याच्या गाडीची वाट बघत बायजाबाई पेणच्या स्टँडवर बसल्या होत्या. मागच्या बाकावर प्रवीण नावाचा एक जण स्लॅब घालणाऱ्या सोमाला आपल्या नव्या घराचं सांगत होता, नि बायजाबाईंचे कान तिकडेच लागले होते.

“दादाची वास्तुशांती शुक्रवारी हाय. म्हटलं, माझी त्याच्या आधी झाली पायजे.”

“अरे, तुझा स्लॅब परवाच तर ओतला आपण!”

“म्हणून काय झालं? जन्मभर सगळं आधी त्यालाच. नवा सदरा त्याला, नि त्याचा उतरलेला मला.”

“ओला स्लॅब पेलणारे खालचे टेकू तरी हायेत ना?”

“सकाळीच काढले. टेकूंच्या गर्दीत पूजा कुठं मांडू?”

“आन् वर पाणी साठवलंय ते?”

“काठोकाठ भरलंय! दादानं त्याच्या स्लॅबला एवढं पाणी कधी पाजलं नसेल.”

“प्रवीण, आता घरात कोण नाय ना?”

“दादाच हाय की. मुद्दाम बोलावलाय. म्हटलं, मी पेणवरनं पेढे घेऊन येतो, तोवर माझ्या स्लॅबखाली बस नि डोळे भरून बघ.”