राहतो मी इथंच!

...आणि वर मला म्हणते कशी, "सर, यू डोन्ट लिव्ह हिअर!" अहो, तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं! चौतीस वर्षं याच गावात कंबर धरून स्नो उपसलाय मी, आणि ही डॉना, गावच्या कचऱ्याच्या डंपच्या फाटकावर खोक्याएवढ्या खोलीत बसलेली, हातात ही एवढी थोरली कॉफी, माझं लायसन्स उलटं करते, सुलटं करते, उजेडात धरते, जशी काय शंभराची खोटी नोट, आणि म्हणते तुम्ही इथं राहत नाही! अहो बाई, राहतो मी इथंच!

आता तुम्ही म्हणाल, चारूकाका, डंपवर जायचं अडलं होतं काय? अडलं होतं ना! व्हॅनमध्ये मागे कढीपत्ता आडवा पडला होता. दोन काड्या नव्हेत हो, झाड! बावीस वर्षांचं, माझ्यापेक्षा वीतभर उंच. आमच्या हिनं कुंडीत वाढवलेलं, कुंडीला चाकं लावलेली. मे महिन्यात ढकलत अंगणात, ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत परत घरात... आजारी सासूला उन्हाला बसवावं तसं त्याचं करायची. गेल्या ऑगस्टात ही गेली. सुमित्रा. आणि मग ऑक्टोबरात झाड आत घ्यायचं कुणाच्या लक्षात राहणार? कुणाच्या म्हणजे काय, माझ्याच, घरात दुसरं आहे कोण! एका थंडीत पाला काळाठिक्कर. तरी सबंध हिवाळा मी त्याला पाणी घालत होतो. मेलेल्या झाडाला. असो.

मुलाला फोन केला, शंतनूला, शुगर लँडला असतो तो. म्हणाला, "बाबा, जस्ट पुट इट इन द ट्रॅश ना!" ट्रॅश! अरे, तुझ्या आईनं उभ्या जन्मात कोथिंबिरीचं देठ ट्रॅशमध्ये टाकलं नाही! डंपला लागूनच गावाचं कंपोस्ट आहे, ढीगच्या ढीग, रहिवाशांना दोन पोती फुकट. दर एप्रिलला ही जायची, आणायची, या झाडाला घालायची. म्हटलं, जिथली माती खाल्ली तिथंच जाऊ दे बापडं. एवढंच मागणं होतं माझं. यात जगावेगळं काय, तुम्हीच सांगा!

तर लायसन्स. आत सोडतात ते फक्त गावच्या रहिवाशांना, म्हणून ते दाखवायचं. त्यावर पत्ता दुकानाचा. भांड्यांचं दुकान आहे माझं, शेजारच्या गावात. नववीपुढं शाळा नाही माझी, पण गिऱ्हाईक दारातून आत येतानाच ओळखतो, हा तीन लिटरचा कुकर नेणार की पाचाचा. नेपरव्हिलपासून शॉमबर्गपर्यंत ज्याच्या घरी शिट्टी होते त्याच्या कुकरची रिंग माझ्याकडची, बढाई नाही मारत. अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं दुकानामागच्या खोलीतच काढली, तो पत्ता लायसन्सवर चढला. पुढं घर झालं, पण म्हटलं, दिवसभर मी इथं, पत्रं पण इथंच येऊ देत. बँक दुकानावर, फोन दुकानावर, क्रेडिट कार्ड दुकानावर, आणि आलो होतो त्या व्हॅनवर पण दुकानाचंच नाव, हातभर अक्षरांत! डॉनानं व्हॅनकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "अकॉर्डिंग टु धिस, सर, यू लिव्ह ॲट द स्टोअर."

अहो, हेच वाक्य, अगदी हेच, ही मला आयुष्यभर ऐकवत होती! "तुम्ही राहता दुकानात, घरी नुसते निजायला येता." मी हसण्यावारी न्यायचो. म्हणायचो, अगं वेडे, राहतो मी इथंच! आणि आता सरकारी खिडकीतून तेच, तेही इंग्रजीत!

तेवढ्यात मागच्या गाडीतून हाक, "काका, काय प्रॉब्लेम झाला?" वल्लरी! पुण्याची पोरगी, आयटीतली, मागच्याच दिवाळीत कढई नेली माझ्याकडून, अजून व्हिसावर आहे. तीन वर्षं झाली नाहीत येऊन, तिनं फोनवर अंगठा फिरवला, अपार्टमेंटचं लीज दाखवलं, डॉना म्हणाली, "यू आर गुड, हनी!" हनी! आणि मी चौतीस वर्षांचा उपरा! बिचारी म्हणते, "काका, यार, चिल करा ना, माझ्या नावावर टाकू या झाड." चांगली आहे हो पोरगी. पण बावीस वर्षं हिनं वाढवलं ते झाड जाताना दुसऱ्याच्या नावावर जाऊ देऊ? नको म्हटलं. व्हॅन वळवली.

घरी आलो, ड्रॉवर उपसला. सापडेल की काहीतरी माझ्या नावाचं! वीज... सुमित्रा तांबट. पाणी... सुमित्रा तांबट. गॅस, टॅक्स, घराचं खरेदीखत, सगळीकडे सुमित्रा तांबट! आणि हा शहाणपणा कुणाचा? माझाच! एकदा एका ओळखीच्या दुकानदारावर गिऱ्हाइकानं कोर्टात केस केली, दुकान गेलं आणि पाठोपाठ राहतं घर पण गेलं. मी म्हटलं, आपण नाही असं फसायचं. धंदा माझ्या नावावर, घर हिच्या. धंद्याला काही झालं तरी छप्पर राहील! सगळ्यांना फुशारकीनं सांगत फिरलो. सगळा हिशेब केला हो... फक्त ही आधी जाईल, एवढंच धरलं नव्हतं.

मग पाणीवाल्यांना फोन. म्हटलं, बिल माझ्या नावावर करा. तिकडून एक मुलगा, "मे आय स्पीक टु सुमित्रा?" म्हटलं, बाबा रे, मलापण बोलायचंय तिच्याशी! तर म्हणे डेथ सर्टिफिकेट पाठवा, तिचं नाव काढू, तुमचं घालू, मग तुम्ही रहिवासी. आता आली का गंमत लक्षात? मी राहतो हे दाखवायचं, तर ती राहत नाही हे आधी दाखवायचं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. हातात पाण्याचं बिल, खिशात सर्टिफिकेट, घडी घालून. म्हटलं, वेळ पडली तर दाखवू. डॉनानं बिलावरचं नाव वाचलं आणि काय सांगू, चेहरा असा उजळला! "ओ माय गॉड, सुमी! सुमी विथ द लीव्हज!" अहो, आमची ही दर एप्रिलला तिला कढीपत्ता नेऊन देत होती! डॉना चिकन सूपमध्ये घालते म्हणे. मला पत्ता नाही! मग माझ्याकडे निरखून बघते, बिलाकडे बघते, आणि बोट रोखून, "सो यू आर द हजबंड हू लिव्हज ॲट द स्टोअर!"

घ्या! कचऱ्याच्या फाटकापर्यंत कीर्ती! राहतो मी इथंच, हे म्हणायलासुद्धा तोंड उरलं नाही.

आणि पुढं म्हणते, "या वर्षी आली नाही ती. टेल हर टु कम! सुमी आली की कागद नको, काही नको, मी फाटक उघडते."

हात खिशात गेला हो. सर्टिफिकेट बोटांना लागलं. मी दुकानदार माणूस, भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला तवा विकून हसत घालवलंय, शब्दाला कधी अडलो नाही... "शी इज... बिझी," म्हटलं. काय करू? सगळ्या गावात एक जागा उरली होती जिथं ही अजून येणार होती. ती मी माझ्या हातानं बंद करू?

झाड परत आणलं. गॅरेजमध्ये उभं आहे, चाकांवर. दार उघडलं की वाटतं कोणीतरी जायला निघालंय आणि थांबलंय.

मग टपाल बघितलं. आमच्या घरी टपाल येतं ते पिझ्झाची कूपनं आणि छपराच्या पन्हळी साफ करणाऱ्यांच्या जाहिराती. वर नाव छापलेलं, "सुमित्रा तांबट, ऑर करंट रेसिडेंट." नीट ऐका हं... सुमित्रा तांबट, किंवा सध्या जो कोण राहत असेल तो! म्हणजे रहिवासी ती, पक्की, कागदोपत्री, तिला कोणी हलवू शकत नाही. आणि मी? राहतो हो मी इथंच...

मी आपला 'किंवा'.