दोन प्लेटचा क्लच

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट पाहत होतो. समोर एक तरुण आणि त्याची थोरली बहीण मिस्त्रींशी बोलत होते.

“इंजिनाची ताकद वाढवलीत आणि क्लच जुनाच ठेवलात. तो घसरणारच, साहेब.”

“हा गाडी चालवत होता, ऐन ओव्हरटेक करताना क्लच घसरला हो! इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काही पुढे जाईना आणि समोरून ट्रक.”

“ताई, पुरे ना.”

“अरे, मिस्त्रींना कळायला नको?”

“मिस्त्री, दोन प्लेटचा टाका. तो नाही ना घसरणार?”

“नाही. पण त्यातही दोन प्रकार येतात. एक झटक्यात पकडतो, तो शर्यतीसाठी. दुसरा जरा मवाळ, रोजच्या रस्त्याला बरा.”

“मवाळच द्या.”

“त्या उभ्या गाडीत तोच बसवलाय. पेडल दाबून बघा.”

तो तरुण गाडीत जाऊन बसला.

“जड लागतंय का?”

“नाही.”

“मग सोडा आता.”

“सोडतो.”

“साहेब, गाडी बंद आहे. काही होत नाही, उचला पाय.”

“हो... ताई?”

“आले रे. हे बघ, बसले तुझ्या शेजारी. आता सोड, हळूहळू.”