थोझामा कोण अन् नोसाखेले कोण

एकानं विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर, एकानंसुद्धा! एकोणपन्नास वर्षांची बाई, दोन हात, दोन पाय, तोंडाचं तर विचारूच नका, अशी धडधडीत समोर उभी… आणि म्हणे तू ती नाहीसच! अहो, मी मीच आहे!

तुम्हाला सांगते, शाळेत पोरांचं जेवण रांधायचं काम मिळालं होतं मला. वर्षाचं काम! पण पगार बँकेतच जाणार, शुक्रवारपर्यंत बचत खातं उघडा, नाहीतर काम त्या खालच्या वस्तीतल्या बाईला. तिला! जिचा मक्याचा सांजा कुत्रं हुंगून पुढं जातं!

गेले बँकेत. काचेमागं एक पोरगी, नखं एवढी लांब. "मावशी, ओळखपुस्तकाची नक्कल आणा, पोलिसांचा शिक्का मारून. आणि गावप्रमुखाचं पत्र, तुम्ही कुठं राहता त्याचं."

बरं. पोलीस ठाण्यात सार्जंट मफान्या. बारा वर्षं झाली, रोज सकाळी माझ्या हातचे गरम ग्विन्या, पिठाचे फुगलेले गोळे हो, तळणीतून काढल्याकाढल्या तोंडात टाकतो, जीभ भाजली तरी थांबत नाही. त्यानं पुस्तक उघडलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पुस्तकाकडं.

"नोसाखेले मावशी, हे कुणाचं उचलून आणलंस? यात तर थोझामा लिहिलंय."

"मीच थोझामा!"

"बारा वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुझं तोंड भरलेलं असायचं!"

"आणि ही फोटोतली पोरगी केवढी गुबगुबीत आहे."

"सतरा वर्षांची होते रे मेल्या! तुझ्या बायकोचा सतराचा फोटो काढ आणि ठेव तिच्याशेजारी!"

"आडनावही सासरचं नाही, आणि या आडनावाच्या बायका तुझ्या माहेरी चाळीस असतील. चुकीचा शिक्का मारला तर माझी नोकरी जाईल, मावशी." अहो, मी मीच आहे! पण शिक्का ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप.

म्हटलं, आधी पत्र आणू. आमचे गावप्रमुख न्ताबेनी म्हातारे, नवऱ्याचे चुलते, माझ्या लग्नात पहिलं मटण यांच्याच ताटात पडलेलं. त्यांनी चष्मा लावून झोकात लिहिलं, "नोसाखेले आमच्या गावात राहते." अहो चुलते, थोझामा लिहा! तर म्हणतात, "थोझामा? या गावात थोझामा नावाची बाई नाही. खोटं लिहून शिक्का मारू, सूनबाई?"

म्हणजे बघा! पुस्तकातली बाई गावात राहत नाही, आणि गावात राहते तिला पुस्तक नाही! मग पंचवीस वर्षं पाणी कुणी वाहिलं? नवऱ्याला विचारलं, माझं खरं नाव काय. त्यानं बराच वेळ छपराकडं बघितलं. छपराकडं!

हे सगळं कुणामुळं? सासूमुळं! लग्नाच्या दिवशी अंगावर ब्लँकेट टाकलं, चटईवर बसवलं, आणि बाई खुशाल म्हणाल्या, "आजपासून ही नोसाखेले." विचारलं का मला? आईनं ठेवलेलं नाव दारातच उतरवून ठेवायचं, चपलांसारखं? वर गेल्या बिचाऱ्या, नाहीतर त्यांनाच उभं केलं असतं त्या काचेसमोर!

शेवटी माहेरून बहिणीला बोलावलं. पाळण्यातली थोझामा बघितलेली ती, आणि ब्लँकेटमधली नोसाखेले बघितलेले चुलते. दोघांना ठाण्यात बसवलं, शपथ घ्यायला लावली, थोझामा अन् नोसाखेले एकच म्हणून कागद केला, नकलेवर धपकन शिक्का! शुक्रवारी बँक बंद व्हायला दहा मिनिटं असताना खातं उघडलं. काम माझं! ती खालच्या वस्तीतली बसली सांजा ढवळत.

संपलं? कुठलं संपतंय! सोमवारी सून रडत घरी. डिसेंबरात लेकाचं लग्न झालं ना, झिंतले नाव पोरीचं, आम्ही बायकांनी नोबाबालो ठेवलं, किती गोड! तिला दवाखान्यात साफसफाईचं काम लागतंय, खातं हवं, आणि चुलत्यांनी पत्रावर लिहिलंय नोबाबालो!

माझं टाळकंच फिरलं. तिचा हात धरला, थेट ठाण्यात, मफान्याच्या टेबलावर मूठ आपटली. तोंडाला सवयच झाली होती हो, आठवडाभर सासूबद्दल तेच बोलत होते! "आधी हे लिही, कुठल्या बिनडोक बाईनं या पोरीचं नाव बदललं! त्या बाईचं नाव कागदावर आलंच पाहिजे!"

मफान्यानं पेन उघडलं. "सांग पोरी. कोण?"

आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही. तिनं मान खाली घातली आणि माझ्याकडं बोट केलं.

"बोट लिहिता येत नाही मला," मफान्या म्हणाला. "नाव."

पोरगी हळूच म्हणाली,

"नोसाखेले."